नीराबाईचे हात

२०२० च्या वादळात देवदत्तची दिवेआगरची सुपारीची वाडी आडवी झाली. नवी रोपं लावून दहा वर्षं वाट बघण्यापेक्षा त्याने तिथे गोठा बांधला, आठ जर्सी गाई आणल्या आणि धारा काढायला नीराबाईला ठेवलं. पन्नाशीची, नवरा गेलेली, अंगाने काटकुळी बाई. पण तिने कासेला हात लावला की नाठाळ गायसुद्धा पान्हा सोडायची. गावातल्या निम्म्या होमस्टेंचा चहा तिने काढलेल्या दुधाचा असे.

तीन वर्षांनी देवदत्तने दूध काढायचं मशीन आणलं. नीराबाईला आनंदच झाला. तिची मनगटं सुजायला लागली होती.

पहिला पावसाळा बरा गेला. दिवाळीनंतर मात्र चांदी नावाची गाय मशीनचा आवाज आला की लाथा झाडू लागली. नळ्या काढल्यावर तिचे सड निळसर दिसत, टोकाशी पांढरी खरबरीत कडा धरलेली. नीराबाई मशीनभोवती घुटमळली आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मशीन बंद असलं तरी दाबाच्या घड्याळातला काटा शून्यावर येत नव्हता, जागचा हलतच नव्हता.

"भाऊ, ह्यो काटा अडाकलाय. मशीन जास्त जोरानं खेचतंय. गाई कळवळत्यात."

देवदत्त फोनमधून मान वर न करता म्हणाला, "काटा बरोबर हिरव्या पट्ट्यात आहे, नीराबाई. तुम्ही गाईंकडे बघा, मशीनकडे मी बघतो."

महिन्याभरात चांदीला दगडी झाली. कास तापून दगडासारखी कडक, दुधात गुठळ्या. मागोमाग आणखी दोन गाई. मशीन विकणाऱ्याला देवदत्तने फोन लावला, तर तो माणूस तिथूनच म्हणाला, "तुमची बाई सड नीट धूत नसणार."

एवढं पुरलं. होमस्टेवाले दुधाबद्दल विचारायला गोठ्यावर जमले, तेव्हा देवदत्तने सगळ्यांसमोर सांगितलं, "नीराबाईंच्या हातांची घाण. त्यांना आजपासून बंद केलंय."

नीराबाई नुकतीच गरम पाण्याने कास शेकून उठली होती. ओले हात तिने पदराआड घेतले. घरी जाऊन तिने हात कपडे धुवायच्या साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि मग स्वतःचाच राग येऊन साबण अंगणात भिरकावला.

ती गेल्यावरही चौथ्या गाईला दगडी झाली. तेव्हा कुठे देवदत्तने गुरांच्या डॉक्टर आश्लेषाला बोलावलं. तिने आपलं मीटर लावलं, मग नळीच्या रबरात अंगठा घालून बघितला.

"खाऱ्या हवेने व्हॉल्व गंजलाय. दाब दीडपट आहे. आणि हे नुसतं खेचतंय, मध्ये सोडत नाही. वासरूसुद्धा दोन घोट घेऊन दम खातं, देवदत्त. हा काटा अडकलेला कोणाला दिसला नाही?"

देवदत्तने व्हॉल्व बदलला, रबरं बदलली. पण चांदीचे तीन सड कायमचे गेले होते. आठवड्यात टेम्पो आला आणि तिला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंकडून नीराबाईला सगळं कळलं. ती तशीच गोठ्यावर गेली.

"भाऊ, चारचौघांत माजं हात घाण म्हनलात. आता चारचौघांतच सांगा, चूक मशीनची व्हती."

"झालं ते झालं. उद्यापासून कामावर या," देवदत्त म्हणाला. "आता ते उकरून काढलं तर माझं दूध कोण घेईल?"

"मंग माज्या हातचं कोन घेईल, भाऊ?"

तो बादली उचलून आत गेला. ती कामावर गेली नाही.

आता ती किनाऱ्याजवळच्या एका होमस्टेत भांडी घासते. गेल्या रविवारी पाहुण्यांची गर्दी होती, दूध उतू चाललेलं दिसलं म्हणून ती गॅस बंद करायला धावली. मालकीण नेत्रा दारातूनच ओरडली, "अहो, दुधाला तुम्ही नका हात लावू!"

नीराबाई थांबली. दूध भांड्यावरून ओघळलं, शेगडीवर जळलं. नेत्राने येऊन गॅस बंद केला. नीराबाईने फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली.