इहिरीतलं बोटीचं इंजिन

आमच्या गावात बोट कोनंच पाह्यली नाई. कारंज्याच्या अलीकडे आमचं गाव, नदी म्हनाल तं उन्हाळ्यात नुसती रेती, अन् तरी आमच्या इहिरीत बोटीचं इंजिन बसलेलं हाय. खोटं नाई सांगत. कोन्या तरी बोटीतून काढलेलं, मुंबईहून रेल्वेनं कारंज्याले आलं अन् तिथून बंडीत घालून माह्या मालकानं वाडीत आनलं. त्याच्या बुडाले पांढरं पांढरं काही चिकटलेलं होतं. मी बोट लावून चाटून पाह्यलं तं खारट! समुद्राचं मीठ व्हय म्हने. मी तेवढाच समुद्र पाह्यला.

मी तिसरीलोक शिकलेली, लिहिताना काना मात्रा चुकते, पन ते दिवस डोक्यातून जात नाई म्हनून लिहून राह्यली.

इंजिन पहिले काठावर ठेवलं होतं, पन तिथून पानी ओढेना. मंग ते इहिरीत खाली, पायऱ्या जिथं संपतात तिथं दगडाची रुंद पट्टी हाय, तिच्यावर बसवलं. खाली लगेच पानी. वांगे अन् मिरच्या त्या पान्यावर, अन् आख्खी आळी प्याले पानी तिथूनच नेते. बाया घागरी घेऊन येत अन् मले टोमने देत. शेजारची जाऊबाई तं रोजच म्हने, "काय वं, तुह्या मालकानं नाव तं आनली, आता नदी कधी आनते?" मी पदराआड हासो.

माही सासू, तिले मी आत्याबाई म्हनतो, ती मात्र हासे नाई. इंजिन खाली उतरवलं त्याच दिवशी तिनं काठावर उभं राहून पोराले सांगून टाकलं होतं, "आळी हे पानी पिते. काळ्या तेलाचा एक थेंब जरी पान्यावर दिसला, तं हे धूड मी बाहीर काढाले लावीन. मंग तू हाय अन् तुही मोट हाय."

मोट तं कोठ्यात खुटीले टांगलेलीच होती. पन मोटीचे बैल इंजिनापायी इकून झाले होते. म्हंजे इंजिन गेलं का वाडी वाळली, अन् वाडी वाळली का आमी वाळलो. हे घरात सगळ्यायले माहीत होतं, तोंडानं कोनी बोले नाई.

अन् तेल तं बदलाच लागते. मिस्त्रीनं आंगनात करून दाखवलं होतं, इंजिन खाली उतरवायच्या आंधी. पोटाखाली एक मोठा इस्क्रू, तो काढला का काळं जळकं तेल भळाभळा येते, मंग इस्क्रू लावाचा अन् वरून नवं ओताचं. त्या दिवशी जराक तेल सांडलं अन् तिथंच भांडे घासल्याचं पानी साचलेलं होतं. बाप्पा! एका थेंबाचं येवढं मोठं झालं, मोरपिसासारखे रंग, निळा, जांभळा, पसरतच गेलं. आत्याबाईनं ते पाह्यलं. मीनं बी पाह्यलं. तवापासून माह्या मनात ते रंग बसले.

मालक ते काम आज करू उद्या करू म्हनत राह्यले, भेव होतं त्यायले बी. तेवढ्यात माही पोरगी झाली. मी बाजेवर, शेकशेगडी, धुरी, अन् कानावर इंजिनाचा आवाज. आवाज बदलला हे मले खोलीतूनच समजे. पहिले टुक टुक टुक चाले, आता मधातच खाकरे. अन् एका सकाळी यायनं हँडल मारलं तं ते हँडलच उलटं फिरून आलं अन् मनगटावर बसलं. मी ओरडनं आयकलं. हाड बसवनाऱ्यानं बांबूच्या कमट्या बांधून दिल्या अन् सांगितलं, हात हालवाचा नाई.

उनाचा जोर होता. मिरच्या मान टाकून राह्यल्या होत्या. एका हातानं, शेजारच्याले हँडल माराले लावून, यायनं दोन दिवस इंजिन कसंबसं चालवलं. तिसऱ्या दिवशी त्यातून असा धूर निंघाला का हेच घाबरून बंद करून आले.

"तेल जळलं, माय," हे आत्याबाईले म्हने. "आता बदलल्याबिगर चालवलं तं ते जागीच धरून बसन. मंग ते लोखंडाचा गोटा. कोनाले तरी बलावतो."

"बाहेरच्याले बलावू नोको."

"काहून?"

"त्याच्या हातून सांडलं तं तो जाईन आपल्या घरी. मी बोलू कोनाले? घरच्याच्या हातून सांडलं तं मले बोलता येते."

"मंग घरचं कोन हाय? तुहे गुडघे पायऱ्या उतरत नाई, माहा हात असा..."

मी पोरीले पाजून राह्यली होती. आत्याबाई दारात आली. माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं पोरीकडे पाहून राह्यली.

"ऊठ," म्हने.

मी म्हनलं, "मी?"

"मंग काय मी?"

"पन आत्याबाई, सवा महिना कुठं झाला? इहीर कुठं पुजली मीनं?"

आमच्यात बाळंतीन सवा महिना भरल्यावर इहीर पुजते. हळद-कुंकू लावते, आपल्या दुधाचे चार थेंब इहिरीत सोडते, म्हंजे इहिरीचं बी आटत नाई अन् तिचं बी आटत नाई. त्याच्या आंधी तिनं इहिरीच्या सावलीत बी जाऊ नये. हे मले कोनं शिकवलं? याच आत्याबाईनं! अन् तीच दारात उभी राहून म्हने,

"मंग आत्ता पूज. चाल."

मी ह्यायच्याकडे पाह्यलं. हे बी तिच्याकडेच पाहून राह्यले होते, जसं कोनी दुसरीच बाई घरात शिरली.

कुंकवाचा करंडा, नवं तेल, दोन रिकामे डबे, परात, वाटी, पाना, पोरगी, सगळं घेऊन आमी वाडीत गेलो. आत्याबाईनं माह्या हातानं काठाच्या दगडाले पाच बोटं कुंकू लावलं, घाईघाईनं, मंत्र ना गानं. मी म्हनलं, दुधाचं? तं म्हने, "ते मंग पाहू. पहिले तेल झेलाले इंजिनाखाली परात बसते का पाह्य."

मी उतरली. भिंत धरून धरून उतरली. परात बसेना. इंजिनाचं पोट अन् दगड याच्यात चार बोटं जागा. वाटी बसे, पन वाटी भरली का काढाची कशी, ती तं पान्यातच कलंडन. मी खालून ओरडली, "काहीच बसत नाई!"

मी वर पाह्यलं तं काठावर नुसते हे, तोंड उघडं. मंग आवाज आला, चामडं कापल्याचा, चर्र चर्र. आत्याबाई कोठ्यातून मोट घेऊन आली होती अन् इळ्यानं मोटीची सोंड कापून राह्यली होती. सोंड म्हंजे मोटीच्या खालची चामड्याची नळी, जिच्यातून पानी थारोळ्यात पडते. सोंड कापली का मोट मेली. मंग तिच्यानं पानी काढताच येत नाई.

"माय! काय करून राह्यली!" हे ओरडले.

"चूप," म्हने, अन् सोंड माह्याकडे टाकली. "घाल खाली. चामडं दबते. दुसरं तोंड डब्यात सोड."

मी सोंड हातात घेऊन उभीच. जी बाई रोज मोटीचं भेव दाखवे, तिनंच मोट कापली. आता थेंब पडला तं मांगं जायले काही राह्यलंच नव्हतं.

सोंड मात्र बसली. बरोब्बर बसली, इस्क्रूच्या खाली चपटी झाली अन् पुढं जाऊन, पट्टीच्या कोरेखाली दोरीनं लोंबवलेल्या डब्यात उतरली. मी पट्टीच्या कोरेवर पालथी पडली, आर्धं आंग पान्यावर, अन् पाना लावला. हे वरून सांगत, "हळू... हळू... शेवटच्या आट्याले बोटानं धरून ठेव." इंजिन त्या सकाळीच चालून बंद झालं होतं, तं तेल अजून तापलेलं होतं हे मले कोनं सांगितलंच नाई! शेवटचा आटा सुटला, काळं गरम तेल बोटावर आलं, अन् माही बोटं आपोआप उघडली. इस्क्रू दगडावर टन्न वाजला अन् पान्यात. डुबुक.

वरून हे म्हनले, "काय पडलं?"

"इस्क्रू."



तेल सोंडेतून डब्यात जाऊन राह्यलं होतं, एक थेंब बाहीर नाई. पन डबा भरत आला होता अन् पोटातलं सपे ना. डबा बदलाचा तं भोक बंद कराले पाह्यजे, अन् बंद कराचं ते तं इहिरीच्या तळाले. मी आंगठा खुपसला भोकात. चटका बसला, माय! पन काढला तं गेलं सगळं. मी तशीच पडून ओरडली, "काही तरी द्या ठोकाले!"

वर धावपळ. हे म्हनत बाभळीची खुटी करतो. पन एका हातानं खुटी कशी तासतील? आत्याबाईनं पोरीले खाली गोधडीवर ठेवलं, फांदी आपल्या पायाखाली दाबली, अन् हे एका हातानं इळा चालवू लागले. अन् पोरगी रडाले लागली. असं रडे, असं रडे, सारी इहीर भरून गेली तिच्या रडन्यानं. चारी बाजूनं आवाज ये. माहा एक हात भोकात, दुसरा डब्यावर, आंगठा जळून राह्यला, अन् मी खालून बोंबलून राह्यली, "घ्या ना वं तिले, घ्या ना कोनी!"

तेवढ्यात शेजारची जाऊबाई घागर घेऊन आली. काठावरून वाकून पाह्यलं अन् किंचाळली, "काकी! थेंब पडला! पान्यावर पडला थेंब!"

इळ्याचा आवाज थांबला. पोरीशिवाय सगळं थांबलं. आत्याबाई आली, वाकली. मले तिचं तोंड दिसे, बाकी आभाळ. मी डोळे मिटले. मले ते मोरपिसाचे रंग दिसू लागले, पसरून राह्यले, सगळ्या इहिरीत, सगळ्यायच्या घागरीत, चुलीवरच्या गंजात. मी म्हनलं झालं. इंजिन गेलं, मोट गेली, मीनंच घालवलं. आंगठा तं मी दाबूनच धरला होता, मंग सांडलं कुठून?

पुन्हा टप् आवाज झाला. माह्या आंगाखालूनच.

मी डोळे उघडले. पान्यावर रंग नव्हता. पांढरं काही तरी धाग्यासारखं खाली खाली जाऊन राह्यलं होतं. माही चोळी पुढून चिंब झालेली. पोरगी रडे तसा पान्हा फुटला होता अन् मले पत्ताच नाई.

"तेल नव्हं," आत्याबाई म्हने. "दूध व्हय हे." मंग पान्याकडेच पाहत म्हने, "राह्यलं होतं ना तुहं. इहिरीनं आपलं आपून घेतलं."

जाऊबाई घागर धरून उभीच. आत्याबाई तिच्यावर खेकसली, "पाहत काय उभी राह्यली वं? पोरीले उचल पहिले!"

खुटी आली, चिंधी गुंडाळून ठोकली, डबा बदलला, बाकीचं काढलं, पुन्हा खुटी ठोकली, नवं तेल ओतलं. हे सगळं मीनंच केलं म्हनतात. मले त्यातलं काही आठवत नाई. येवढं आठवते का वर आली, मी काठावरच बसली अन् काळ्या हातानंच पोरीले घेतलं. आत्याबाईनं जाऊबाईची घागर वढून घेतली, पानी शेंदलं, तिच्यासमोर ओंजळभर पेली, अन् घागर भरून तिच्या डोक्यावर देली. जाऊबाई त्या दिवशी नावेचं काही बोलली नाई.

आता पोरगी रांगते. इंजिनात अजून तीच बाभळीची खुटी हाय, मिस्त्री येतो येतो म्हनते अन् येत नाई. सोंड कोठ्यात मोटीच्याच खुटीले टांगलेली हाय.

परवापासून इंजिन पुन्हा मधातच खाकरून राह्यलं. यायचा हात आता बरा हाय. पन काल सकाळी आत्याबाईनं सोंड खाली काढली, झटकली, अन् यायच्याकडे नाई, माह्याकडे पाह्यलं.