काज-बटणाचं कुंपण

आधी चहा घ्या, मग हसा. हसणार तर आहातच. लांजीत माह्या कुंपणाचा विषय निघाला आणि कोणी हसलं नाही, असं अजून झालं नाही. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, जे काही झालं ते माह्या डिझाइनमुळं नाही झालं. ते झाडामुळं झालं, आणि थोडंसं माह्या तोंडामुळं. डिझाइन आजही पक्कं आहे. शंका असन त चला, आत्ता दाखवते.

तर मी लेडीज टेलर. घराच्या समोरच्या खोलीत माह्यी मशीन, मधात स्वयंपाकघर, आणि मागच्या दारातून बाहेर पडलं की बाडी. बाडी म्हणजे परसातला भाजीचा तुकडा. मेथी, पालक, वांगे, एक दोडक्याचा वेल. बाडीले लागूनच वच्छलाचं अंगण. मधात भिंत नाही, काही नाही. मी लग्न होऊन या मोहल्ल्यात आली तेव्हापासूनची ती माह्यी मैत्रीण. तिची साखर माह्या डब्यात, माह्यं पीठ तिच्या परातीत, असा आमचा कारभार.

सगळं चांगलं होतं. फक्त तिच्या बकऱ्या चांगल्या नव्हत्या.

"वच्छला, तुह्या बकऱ्या बांधून ठेवत जा व."

"बांधूनच ठेवते. त्याच सोडवून घेतात."

"दाव्याची गाठ बकरी सोडते काय?"

"माह्या हुशार आहेत, त्याले मी काय करू?"

आता याच्यावर काय बोलता? मी पेरायची आणि तिच्या बकऱ्यांनी जेवायचं. एका सकाळी मेथीचा पूर्ण वाफा साफ. मुळासकट. मी म्हटलं, बस झालं, आता कुंपण.

वच्छलाचं तोंड उतरलं. कारण तिच्या रोशनीचं लग्न जमलं होतं. तिरोडीचा मुलगा, पुढच्या वर्षीच्या वैशाखातली तारीख. आणि आमच्या मोहल्ल्यात कोणाच्याही घरी लग्न असलं की मांडव त्याच्या अंगणात आणि पंगत माह्या बाडीत. उन्हाळ्यात बाडी रिकामीच राहते. सारवून घेतली की झालं.

"तू कुंपण घातलं त माह्या पोरीची पंगत कुठं बसन व शालू? माह्या अंगणात मांडवच कसाबसा मावते. तिरोडीवाले म्हणतील, पोरीच्या बापानं वऱ्हाड रस्त्यावर जेवू घातलं." डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

मले बी वाईट वाटलं. पोरगी माह्या मांडीवर खेळलेली. म्हटलं, "अव, रडतेस काहून? मी काय किल्ला बांधून राह्यली? असं कुंपण करते, की लग्नाच्या सकाळी एका हातानं काढून देईन. दुसऱ्या हातात चहाचा कप राहीन."

हे वाक्य मी चार बायांसमोर बोलली. नसती बोलली त बरं झालं असतं, पण बोलली.

आमचे हे पंपाच्या जळालेल्या मोटरी बांधतात, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळून देतात. त्यांचं म्हणणं, सिमेंटचे खांब आणू, तार ओढून देऊ. मी म्हटलं, तार ओढली त लग्नाच्या दिवशी ते कोण सोडवत बसन? आणि तिथंच, मशीनवर बसल्या-बसल्या, वच्छलाच्याच ब्लाउजचं काज करता-करता, माह्या डोक्यात उजेड पडला. ब्लाउजले खिळा मारतो काय आपण? नाही. तार बांधतो काय? नाही. काज आणि बटण. लावलं त पक्कं, काढलं त सुटं. मग कुंपणाले काहून नाही?

खांबाले काज, म्हणजे भोक. आणि बटण म्हणजे आडवा बांबू. एका खांबाचं काज आरपार, त्याच्या पुढच्या खांबाचं काज अर्धंच खोल. बांबूचं एक टोक आरपार काजात जास्तीचं घुसवायचं, दुसरं टोक पुढच्या खांबासमोर आणायचं, आणि मागं सरकवून अर्ध्या काजात बसवायचं. झालं. बकरी इकडून ढकलो की तिकडून, बांबू हलत नाही. आणि काढायचं त उलटं करा, मागं सरकवा, उचला. ना हातोडी, ना पाना. सांगा, आहे काय याच्यात कुठं चूक? नाही ना?

खांबाले लाकूड पायजे होतं. त्याच आठवड्यात वादळात रस्त्यावरचा जुना मुनगा पडला. शेवगा म्हणा तुम्ही, आम्ही मुनगा म्हणतो. फांद्या सरळसोट, आणि लाकूड इतकं नरम की पटाशी लावली की कापडासारखं कापते. सागवानात भोकं पाडता-पाडता माणूस म्हातारा होईन. मुनग्यात मी स्वतः, ह्या हातानं, सगळी काजं पाडली.

"ओल्या मुनग्याचे खांब?" ह्यांनी विचारलं.

"वाळतील."

एवढंच बोलली मी. वाळतील.

पाऊस लागायच्या आधी कुंपण उभं झालं. आणि काय दिसत होतं म्हणता! मोहल्ला पाहायले आला. मी ब्लाउजचं माप द्यायले आलेल्या बायांले आधी मागं बाडीत नेत होती, एका हातानं बांबू काढून दाखवत होती, एका हातानं लावून दाखवत होती. एक बाई त माप द्यायचंच विसरून गेली. बकऱ्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहत आणि माह्याकडं पाहत. मी त्याईच्याकडं पाहे. त्या दिवसांत माह्यं जेवण फार गोड लागत होतं.

मग पाऊस लागला. बाडीत चिखल. त्यानंतर सणाची शिलाई, त्यानंतर लग्नाची शिलाई. बांबू काढून दाखवायले फुरसत कोणाले होती? पण तोंडानं दाखवणं चालूच होतं.

एक दिवस हे बाडीतून आत आले. "तुह्या खांबाले पानं फुटली."

"फुटू द्या. सिमेंटचा खांब भाजी देते काय? माह्या देऊन राह्यला."

"तसं नाही. त्याले मूळ धरलं. आता ते झाड झालं. झाड जाड होते. तुह्यं काज आवळीन ना."

मले हसूच आलं. इतकी वर्षं मी काजं करून राह्यली, आणि मले काज कोण शिकवते, त मोटर बांधणारा माणूस. म्हटलं, "ऐका. काज वापरून-वापरून ढिल्लं होते. आवळलेलं काज मी जिंदगीत पाह्यलं नाही. तुम्ही तुमचं कॉइल पाहा."

ते खरंच कॉइल पाहायले निघून गेले. आमच्या ह्यांची हीच सवय वाईट. थोडं भांडले असते त मी एखादेवेळी जाऊन पाह्यलं असतं.

पानं वाढली. आम्ही भाजी खाल्ली, वच्छलानं खाल्ली, मोहल्ल्यानं खाल्ली. फुलं आली, त्याची भजी झाली. मग शेंगा लागल्या. बकऱ्या त मागच्या पायावर उभ्या राहून कुंपणच खाऊ लागल्या. मी वच्छलाले म्हटलं, पाह्य, तुह्या बकऱ्यांची बी सोय केली मी. सगळे तारीफ करत होते, आणि तारीफ कानात गेली की माह्यं डोकं जरा बंद होते. हे माह्या मायनं बी सांगितलं होतं.

आला वैशाख. लग्नाची सकाळ. वच्छला हळदीच्या हातानंच आली, मागं तिच्या नात्यातल्या बाया, तिचा भाऊ, आणि भात शिजवणारे आचारी गंज, म्हणजे मोठाली पातेली, घेऊन उभे.

"शालू, खोल व आता. सारवून घेतो."

मी चहाचा कप घेऊन बाडीत गेली. हौ, कप घेऊन. बोलली होती ना. डाव्या हातात कप, उजव्या हातानं बांबू धरला आणि मागं सरकवला.

म्हणजे सरकवायले गेली.

बांबू काही सरकला नाही. मी हसली. म्हटलं, रात्रीचा गारठा आहे. वैशाखात. कप खाली ठेवला, दोन्ही हातानं धरला. नाही. मग खांबाले पाय लावून ओढला. मी मागं जाऊन पडली वांग्याच्या रिकाम्या वाफ्यात, आणि बांबू जसाच्या तसा. जवळ जाऊन पाह्यलं त काज कुठं आहे तेच दिसेना. मुनग्यानं बांबूच्या चारही बाजूनं असे जाड ओठ आवळले होते, की तोंडात जिलेबी धरलेलं लेकरू बी तसं आवळत नाही.

"तेल देते," मी म्हटलं, आणि मशीनची कुपी आणली. मशीनचं तेल, प्रत्येक काजात, थेंब-थेंब. आचारी पाहत, बाया पाहत. कोणी हसत नव्हतं, त्याचाच मले जास्त राग आला.

रोशनी हळदीनं पिवळी झालेली, दारातून म्हणते, "मौशी, टेन्शन मत लो ना. काट दो."

वच्छलाचा भाऊ कुऱ्हाड घेऊनच आला. "बाजूले व्हा ताई. पाच मिनिटाचं काम आहे."

खरं सांगते, तिथं मी बाजूले झाली असती त किस्सा तिथंच संपला असता. बांबूच त तोडायचे होते. पण कुऱ्हाड पाह्यली आणि माह्यं टाळकं फिरलं. वर्षभर मी सांगत आली, याले हत्यार लागत नाही. आणि आता सगळ्या मोहल्ल्यासमोर कुऱ्हाड? मी कुंपणाले मिठी मारून उभी राह्यली.

"कोणी हात लावायचा नाही."

"अव शालू, वऱ्हाड तिरोडीवरून निघालं," वच्छला रडायलेच लागली. "माह्या पोरीची पंगत कुठं बसवू मी?"

"बाडीतच बसव. मी नाही म्हटलं काय?"

"पण बाडीत जाऊ कुठून? उडून?"

"माह्या घरातून जा," मी म्हटलं. "समोरच्या दारातून घुसा, मागच्या दारातून निघा. पूर्ण वऱ्हाड न्या. पण कुंपणाले हात लावाल त याद राखा."

वच्छलानं डोळे पुसले. "पक्कं?"

"पक्कं."

आमच्या ह्यांनी कपाळाले हात लावला. मी पाहून बी न पाह्यल्यासारखं केलं.

आता तुम्ही डोळ्यासमोर आणा. समोरची खोली, तिथं लग्नसराईचे अर्धे शिवलेले ब्लाउज. आधी गेले आचारी. भाताचे गंज, वरणाचे गंज, सरपण, माह्या मशीनले घासून, माह्या ओट्याले टेकवून. मग गेलं पाणी. मग शेण-माती, सारवायले. मग आलं वऱ्हाड. आणि तिरोडीवाले काही थोडे नव्हते, दोन बस भरून आले. उन्हातून आलेला माणूस पंख्याखाली थांबतोच ना? थांबले. माह्या कापड कापायच्या टेबलावर एक म्हातारा आजा जो लवंडला, तो शेवटल्या पंगतीलेच उठला. त्याच्या खाली कोणाच्या तरी ब्लाउजची बाही होती. एका पोरानं मशीनच्या मोटरची पिन काढून मोबाइल चार्जिंगले लावला. बाया हात धुवायले माह्या मोरीत, लेकरं माह्या माठावर, चपला माह्या स्वयंपाकघरात. एक वऱ्हाडी बाई खुंटीवरचा ब्लाउज घालून पाहून मलेच म्हणते, "बाई, हा बगलेत थोडा ढिला करून द्या न."

"तो तुमचा नाही जी."

"हौ, पण बसते त मलेच."

मी काय करू? कोणाले थांबवू? मीच म्हटलं होतं, पूर्ण वऱ्हाड न्या. मी दारात उभी राहून, "या जी, इकडून जी, पायरी पाहून जी," करत राह्यली. पंगती उठत, पंगती बसत, येताना घामाचे, जाताना वरणाचे, सगळे माह्या घरातून. आणि वच्छला? ती तिच्या अंगणात, कुंपणाच्या पलीकडं, नवी साडी नेसून, मुनग्याच्या सावलीत उभी. बांबूवर हात टेकवून पाहुण्याईले म्हणे, "सावकाश होऊ द्या. काही कमी पडलं त शालूले सांगा."

तिरोडीवाले खूश. नवऱ्या मुलाचा बाप म्हणे, अशी थंडगार जागेतली पंगत आम्ही कुठं पाह्यली नाही. पोरीची इज्जत राह्यली, वच्छलाची राह्यली. दिवस कलता-कलता वऱ्हाड पोरीले घेऊन गेलं. मी बी रडली. रोशनी गळ्यात पडली तेव्हा मले कुंपण, काज, बांबू, काहीच आठवलं नाही.

मग मी घरात आली. पाय ठेवायले जागा नाही. पत्रावळी, भाताची शितं, चिखलाचे पाय, मशीनवर कोणीतरी ठेवलेला जिलेबीचा तुकडा. मी पदर खोचला, झाडू घेतला आणि मागच्या दारातून झाडत-झाडत बाडीत निघाली. कुंपणाच्या पलीकडं वच्छला तिच्या सारवलेल्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. घर कसं, आरशासारखं. रांगोळी बी पुसली नव्हती.

"शालू," ती म्हणे, "मी तुह्यावर उगीच रडली व. काय कुंपण केलंस तू. घरी लग्न झालं, दोन बस वऱ्हाड आलं, आणि माह्या उंबरठ्याच्या आत एक माणूस घुसला नाही."

मी झाडू थांबवला नाही. म्हटलं, "मग. डिझाइनमध्ये खोट काढून दाखव."