आधी बांध, मग पेरणी

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मी, भूमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या वर्गातून गर्जना ऐकली, "अगं, बांध कुठाय तुझा? बांध न घालता पेरायलीस व्हय?" मला वाटलं, शेतीचा तास चालू असेल. डोकावले, तर फळ्यावर साइनचा आलेख होता आणि हातात खडू घेऊन महालिंग कोरे सर उभे होते.

सरांची रीत सोपी होती. त्रिकोणमितीय फलाचा आलेख काढण्याआधी त्याच्या किमती कुठून कुठपर्यंत जातात ते शोधायचं आणि तिथं दोन आडव्या रेघा मारायच्या. हे बांध. बांधाआधी वक्र काढणाऱ्याचा खडू जप्त व्हायचा. सगळ्या फलांना दोन्ही बांध नसतात, हेही ते सांगत. उणे नव्वद ते नव्वद अंशांमधला सेकंट घ्या. खाली एकवर बांध आहे, वर मोकळं आभाळ.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी संस्थेच्या एका सदस्यांच्या मनात आलं, की मुलींची गणिताची तुकडी बंद करावी. "पोरी नापास होतेत, निकाल पडतो. द्या त्यांना दुसरा विषय," असं म्हणत ते तास पाहायला आले. तास बरा वाटला नाही तर तुकडी जाणार, हे मुलींनाही ठाऊक होतं. मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. बोलावलं कुणी नव्हतं.

सरांनी फळ्यावर तीन साइन एक्स अधिक चार कोसाइन एक्स लिहिलं आणि रुक्मिणीला उठवलं. ती रोज एसटीनं येणारी, सगळ्यांत घाबरट. तिनं सातवर आणि उणे सातवर बांध घातले.

"बरोबर हाय की," सदस्य म्हणाले. "तीन नि चार सात."

सरांनी मान हलवली नाही. रुक्मिणीला विचारलं, "बाई, साइन भरून एक झाला, तवा कोसाइन काय करतो?"

"शून्य, सर."

"मग दोघांची एकदम शिखरावर कवा गाठ पडणार?"

रुक्मिणीनं स्वतःच्या ओढणीनं दोन्ही रेघा पुसल्या. "गाठ पडत न्हाय, सर. नऊ नि सोळा पंचवीस, वर्गमूळ पाच." तिनं बांध पाचवर आणि उणे पाचवर घातले आणि मधून लाट काढली. लाट दोन्ही बांधांना टेकून परत फिरली.

नन बायांनी मला आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं. मी उठून म्हणाले, "साहेब, मुलींनी तुमचं उत्तर ठेवलं असतं, तर निकाल नक्की पडला असता." सर चटकन म्हणाले, "बाई, असू द्या. सातचा मोह भल्याभल्यांना पडतो." हसत त्यांनी सदस्यांना चहाला नेलं. तुकडी बंद करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मला अजून राग येतो, तो एवढ्यासाठी, की मुलींना स्वतःची जागा दर वेळी फळ्यावर सिद्ध करावी लागते. सर चिडत नाहीत. माझे पती सोलापूरला इस्पितळात होते, तेव्हा सर न सांगता माझे तास घेत राहिले. परत आल्यावर मुली म्हणाल्या, "मॅडम, सर आमच्याकडनं धडा मोठ्यानं वाचून घ्यायचे, आणि चुकलं की म्हणायचे, माझं बी चुकतं, दोघं मिळून मॅडमला इचारू."

आज त्याच खोलीत गणित शिकवते ती रुक्मिणी. तुकडीत मुली दाटीवाटीनं बसतात. निवृत्त सर कधीतरी जाऊन मागच्या बाकावर बसतात. परवा मी दारातून ऐकलं, रुक्मिणी ओरडत होती, "बांध कुठाय?" सर गालातल्या गालात हसत होते.

सर, आज तुमच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात तुमचा नियम मी अर्धाच पाळते. पंचाहत्तरवर खालचा बांध घालून ठेवला आहे. प्रकृती ठणठणीत ठेवा. वरची रेघ आम्ही कुणी काढणार नाही, आणि कुणी काढायला आलंच, तर खडू मी जप्त करीन.