देवाला एकच सांगायचं

अमेरिकेत सर्जरी शिकण्याच्या जागा आमच्यासारख्या भारतात शिकलेल्या डॉक्टरांना क्वचितच मिळतात. म्हणून सोबत फॅमिली मेडिसिनला, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या शिक्षणालाही अर्ज कर, असं ज्यानं त्यानं सुचवलं. मी चिडतच केला. 'हीच शाखा का' हे सांगणारा सर्जरीच्या अर्जाचा निबंध लिहायला मला दोन महिने लागले होते. फॅमिली मेडिसिनचा एका दुपारीत झाला. आचऱ्यात आमच्या शेजारच्या काकी सगळ्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात एकत्र करून आणायच्या आणि पडवीत बसून मी त्या वेगळ्या करून द्यायचे, एवढंच त्यात होतं. पुन्हा न वाचताच मी तो पाठवून दिला.

अर्ज गेल्यावर आईने मला गाऱ्हाणं घालायला देवळात ओढून नेलं. गुरवकाकांनी नारळ हातात घेतला आणि काय मागायचं ते विचारलं.

"सर्जरी. नाहीतर फॅमिली मेडिसिन," मी म्हणाले.

त्यांनी नारळ खाली ठेवला. "गो, देवाक 'नायतर' सांगूचा नसता. एकच काय ता सांग."

अर्जात चाललेलं इथे चालेना. मागे चार माणसं खोळंबली होती, आई कोपराने ढोसत होती. मला ऑपरेशन थिएटर आठवायला हवं होतं. आठवला तो बिस्किटांचा डबा.

"फॅमिली मेडिसिन," मी म्हणाले.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. आईसकट सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले.

घरी येऊन मी तो डब्याचा निबंध पहिल्यांदा नीट वाचला. आता तो बदलता येणार नव्हता. बदलावासाही वाटला नाही.