आंबोलीचा ढग

इनामदारांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाकी समदं झ्याक झालंय, पेंटर. ह्ये आभाळ तेवढं खोटं वाटतंय."

त्या अख्ख्या अल्बममध्ये खरं आभाळ एकच होतं, आणि ते हेच.

आमचा स्टुडिओ मंगळवार पेठेत. मालक दस्तगीरचाचा. तेव्हा फोटो काळापांढराच निघायचा. प्रिंटवर कापसाच्या बोळ्याने आणि बारीक ब्रशने रंग चढवायचे, हे माझं काम. गडहिंग्लजकडच्या या इनामदारांनी नवी मोटार घेतली, आंबोलीच्या घाटापर्यंत सहल काढली आणि कॅमेरा घेऊन मलाही नेलं. अल्बम महाराजांना नजर करायचा होता. पसंत पडला तर दरबारचं काम आमच्याकडे येईल, म्हणून चाचा देव पाण्यात घालून बसायचेच काय ते राहिले होते.

आता आभाळाचं सांगतो. त्या वेळच्या काचेच्या प्लेटींना निळा रंग सोसत नसे. निळंभोर आभाळ प्रिंटवर धुतल्या धोतरासारखं कोरं यायचं. गिऱ्हाइकाला तर ढग हवेत. म्हणून आम्ही ढगाची एक वेगळी निगेटिव्ह ठेवलेली. आधी जमीन छापायची, मग ती काळ्या कागदाने झाकून वर ढग छापायचा. आमचा ढग चाचांनी कधीकाळी रंकाळा तलावावर टिपलेला, टम्म फुगलेल्या भाकरीसारखा. इनामदारांच्या सगळ्या फोटोंत मी तोच बसवला. कुठे उलटा केला, कुठे गुलाबी, कुठे डोंगराआड अर्धा. मोटार कुठेही जावो, आमचा ढग आधीच पोचलेला.

आंबोलीला मात्र संध्याकाळी खरेच ढग दाटले. अर्धं आभाळ जांभळं, अर्धं घासलेल्या घागरीसारखं तांबूस, आणि मधे हिरवट पट्टा. इनामदार मोटारीतून उतरले, पायताण काढलं आणि हात जोडून उभे राहिले.

"असलं आभाळ जल्मात बघितलं न्हाई गा," म्हणाले.

उजेड मंद होता, म्हणून ते आभाळ प्लेटवर उतरलं. परत आल्यावर तीच छटा साधेपर्यंत मी रंग कालवत बसलो. एवढा जीव मी दुसऱ्या कुठल्या फोटोत ओतला नाही.

"सरकार, त्या सांजंला असंच हुतं की," मी धीर करून म्हणालो. "तुमी सवता बघितलंसा."

"मी काय आंधळा हाय व्हय? आभाळ कुठं हिरवं असतंय? बाकीच्यात बघा, ढग कसा सुबक हाय. तसला घाला."

मी आशेने चाचांकडे बघितलं.

"घालतो की सरकार," चाचा म्हणाले. "उद्या माणूस धाडा."

इनामदारांची पाठ फिरताच मी उसळलो. "चाचा, त्यो एकटाच खरा हाय!"

"म्हणूनच शोभंना झालाय. आरं, एवढ्या समद्यांत एकटा पडलाय बिचारा. काढ त्याला."

निगेटिव्हवर लाल रंग फासला की प्रिंटमध्ये तेवढा भाग कोरा येतो. फासताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग त्या कोऱ्या जागेत रंकाळ्याची भाकरी बसवली.

अल्बम पसंत पडला. दरबारचं कामही आलं. चाचांनी पेठेत पेढे वाटले. मला दोन जास्त दिले.

पुढे इनामदारांच्या घरी लग्नाचे फोटो काढायला गेलो. सोप्यात पाहुणे बसलेले, मधे त्याच अल्बमची दुसरी प्रत उघडी. इनामदारांनी शेवटचं पान काढलं आणि आवाज खाली आणला.

"पावणं, ह्यो आंबोलीचा ढग. ह्येच्यासाठी मोटारीतनं उतरलो, पायताण काढून हात जोडलं. असलं आभाळ जल्मात बघितलं न्हाई." बोट आमच्या रंकाळ्याच्या ढगावर. "ह्ये पेंटर हुतं की संगं. सांगा वो ह्यास्नी."

"व्हय सरकार," मी म्हणालो. "हुबेहूब."

त्यानंतरही पुष्कळ सहलींना गेलो. संध्याकाळ व्हायच्या आत कॅमेरा पेटीत घालायचो.