म्हाळाला आलेले पूर्वज

यंदाच्या पितृपक्षात, माझ्या आजोबांच्या म्हाळाच्या दिवशी, पानं वाढून झाल्यावर आणि पहिला वडा मोडण्यापूर्वी, दुसरीतल्या ऋतावर घोर अन्याय झाला. ऋता माझी भाची. अन्याय करणारी मी. (विज्ञान प्रसारक. घरोघर पत्रकं वाटते.)

माझे बाबा ऋताला रोज ओटीवर सृष्टी शिकवायचे. ब्रह्मदेवानं माणूस घडवला, परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला आणि त्या जागेत आपलं गाव झालं! शाळेत बाईंनी 'कोकणचा किनारा कसा तयार झाला?' विचारलं. पोरीनं धनुष्यबाण काढला. बाईंनी वर 'शाब्बास' लिहिलं! विज्ञानाच्या वहीत!

"बाबा, ही गोष्ट म्हणून सांगा. धडा म्हणून नको!" मी कडाडले.

"मगे माणूस झालो खंयसून गो? तुझ्या त्या कागदातसून?"

झालं! मी ऋताला समोर बसवलं. लाखो वर्षांची उत्क्रांती सांगायला निदान एक दुपार हवी. मी एक घोषणा दिली. "माकडं आपले पूर्वज! म्हण!"

"कशावरून गो आते?"

"मी सांगते म्हणून!"

(शास्त्रानुसार हेही चूकच. माकडं आपली लांबची चुलत भावंडं. पण 'लांबची चुलत भावंडं' हे घोषणेत बसत नाही.)

मग म्हाळ आला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. मागीलदारी कावळ्याचं पान ठेवून बाबा 'काव काव' करून घसा बसवत होते. कावळा येईना. सगळे उपाशी.

"आजोबा, कोणाची वाट बघतास?" ऋतानं विचारलं.

"पूर्वजांची, बाय. ते जेवल्याशिवाय आपण जेवूचा नाय."

"इतक्याच?" म्हणत पोरगी धावली आणि तिनं परसाचं फाटक सताड उघडलं. फणसावर वांदरांचा कळप रोजच्यासारखा टपून बसलेला.

"येवा, येवा! पानां वाढलेली आसत!"

आले! अख्खं खानदान आलं! एकानं वडे उचलले, एकीनं पोराला खिरीत बसवलं, आणि सगळ्यांत थोराड हुप्या थेट आजोबांच्या फोटोशेजारच्या पाटावर जाऊन बसला! माझ्या भावानं काठी उगारली. ऋता आडवी झाली.

"पप्पा, मारू नुको! पणजोबा आसत ते!"

"कोणी शिकवल्यान हिका ह्या?" भाऊ गरजला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी, सत्याची कैवारी, भर पंगतीत म्हणाले, "पूर्वज नव्हेत गं! चुलत भावंडं!"

ऋतानं आधी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू माका खोटा शिकवलंस?" मग बाबांकडे. "आणि तुमचो बाण? तोय खोटो?"

बाबा फडकं घेऊन खिरीचा सडा पुसायला वाकले.

तेव्हापासून ती ओटीवर बसत नाही. माझ्याकडेही येत नाही. परवा बाईंनी विचारलं, पाऊस कसा पडतो? ऋता उठून म्हणाली, "आमच्या घरात अजून ठरूक नाय." वर्ग खो खो हसला. सारखी प्रश्न विचारणारी पोर होती हो ती!

म्हणून मागणी करते. आपल्या मुलाच्या शाळेत जा. पुराणातली गोष्ट गोष्टीच्या तासाला, विज्ञान पुराव्यासकट विज्ञानाच्या तासाला शिकवतात का, आणि शंकेला दोन्हीकडे जागा आहे की नाही, हे बाईंना विचारा. मीच गेले असते, पण 'आतेक शाळेत धाडू नुको' असं ऋतानं आईला बजावलंय. तेव्हा तुम्हीच जा!