साजूक तुपाचा पंचनामा

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळ नाही, सिरोंच्याला अम्माजवळ फोनवर नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक आज जीभ सुटते आहे. हसू आलं तर हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे. बरीचशी.

माझी शाळा सातवीत सुटली. आमचं घर गोदावरीच्या काठचं, मासे धरणारं. घरात तेलुगू, दारात डोंगा. आमच्या खानदानात कुणी बैल पाळला नाही. ही सबब म्हणून सांगत नाही — पुढचं समजावं म्हणून सांगतो. ड्रायव्हिंग शिकलो आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळ, ऊर्जानगरला लागून असलेल्या एका वस्तीत खोली घेऊन राहिलो. जुनी पांढरी गाडी घेतली, चंद्रपूर-गडचिरोली भाडी मारायला लागलो. घरापासून इतक्या लांब, मराठी मोडकी, आणि स्वभाव असा की गाडीचा हॉर्न आपोआप वाजला तरी वाटावं, आपलंच काही चुकलं.

पण वस्ती सोन्यासारखी. कुणी भाजी द्यायचं, कुणी आजारपणात काढा. शेजारच्या पत्रूभाऊंचं तर काय सांगू! त्यांचा मुलगा ऊर्जानगरात कामाला लागला, म्हणून म्हातारपणी शेत बटईला देऊन, बैलजोडी विकून ते त्याच्याकडे राहायला आले होते. डोळ्यांनी कमी दिसायचं. रोज सकाळी माझ्या गाडीच्या बोनेटवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, “तुया पांढऱ्या लय कष्टाचा आहे रे बाबू.” मी हसायचो. पांढऱ्या हे त्यांच्या विकलेल्या बैलाचं नाव होतं, हे मला नंतर कळलं.

आणि मारोती. ऑटो चालवायचा, माझ्याच वयाचा. आमच्या दोघांत एकच भांडण — वस्तीतल्या एकुलत्या कडुनिंबाची सावली. आधी येईल त्याची. त्या दिवशी मी आधी आलो. मारोतीनं ऑटो थांबवला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर ओरडला, “काऊन रे, इथी गाडी लावून पोळा भरवून राह्यला का? सकाळी येतो अन् पोळाच फोडतो तुया!”

चार माणसं हसली. मला एकच शब्द ऐकू आला — फोडतो.

मी गडचिरोलीच्या दोन फेऱ्या मारून थकलेलो, दिवेलागणीलाच झोपलो. सकाळी उठून बघतो तर काय! बोनेट पिवळंजर्द. पुढच्या दोन्ही चाकांच्या वर तेलकट पिवळे थर, त्यावर बोटांचे फराटे. मध्ये लाल ठिपके. वायपरखाली चुरगळलेली पळसाची पानं. आणि या दारापासून त्या दारापर्यंत बारीक ओरखडे, जसं कुणी नखांनी ओरबाडलं. मला आधी वाटलं करणी. मग वाटलं — फोडतो म्हणाला होता ना?

मी ठाण्यात गेलो. ठाणं कोणतं ते लिहीत नाही, तिथल्या माणसांनी मला बसायला खुर्ची दिली होती. त्या दिवशी पोळा, सगळे बंदोबस्तावर निघण्याच्या घाईत. हवालदारांनी अर्ज लिहून घेतला आणि विचारलं, “संशय कोणावर?”

मी मारोतीचं नाव सांगितलं.

थांबा, कबुली ही नाही. इथवर मी फक्त घाबरट होतो. हवालदार म्हणाले, पंचनामा झाल्याशिवाय गाडी धुवायची नाही, हलवायची नाही. कधी होईल? उद्या-परवा.

दुपारी मी दारात डोकं धरून बसलेलो, तर पत्रूभाऊ ताट घेऊन आले. पुरणाची पोळी, वर तूप. मी हात पुढे केला, तर म्हातारा मला ओलांडून गाडीकडे गेला. पोळीचा घास मोडून बोनेटवर ठेवला आणि म्हणाला, “काल आवतन देलं होतं त्याले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खांदे शेकले त्याचे, पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, कुंकू लावलं, काथ्यानं चांगला घासून काढला. तू झोपला होता, उठवलं नाई तुले.”

कळलं का तुम्हाला? मला कळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे शेकतात, त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. म्हाताऱ्याकडे बैल उरले नव्हते. माझी गाडी होती.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? उठायचं, ठाण्यात जायचं, हात जोडायचे — साहेब, चूक झाली. एवढंच ना! पण मला वाटलं, खोटी तक्रार म्हणून मलाच आत घेतील. मला वाटलं, सगळी वस्ती हसेल — सिरोंच्याच्या कोळ्यानं बैलाच्या मानाची पोलिसात तक्रार केली! मी पोळी खाल्ली. गोड होती.

संध्याकाळी मैदानात बैल रांगेत उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, पोळा भरला. मग तोरण तुटलं, बैल घराकडे उधळले, आणि पोरं ओरडली, “पोळा फुटला! पोळा फुटला!” मी गर्दीत उभा होतो. पोळा फोडणं म्हणजे रांग मोडणं. मारोतीनं एवढंच म्हटलं होतं — सकाळी येऊन तुला सावलीतून उठवतो. दोन्ही गाठी एकाच दिवशी सुटल्या. आता तर बोलायला हवं होतं ना?

नाही बोललो.

उद्या-परवाचे दिवस मोजत बसलो. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आणि पोरांचा तान्हा पोळा, त्याचा बंदोबस्त. मग गणपती बसले, तोही बंदोबस्त. रोज ठाण्यात जायचो, रोज हवालदार म्हणायचे, “बाप्पा उठू दे.” इकडे गाडीवर मुंग्यांची पंढरी भरलेली. दोन कुत्री सकाळ-संध्याकाळ बोनेट चाटून जायची. मेश्रामबाईंच्या बकरीनं वायपरखालची पळसाची पानं खाल्ली, तेव्हा वस्तीत बोंब झाली — पुरावा खाल्ला, पुरावा! तुपावर कोळशाची धूळ बसून पिवळ्याचं काळं झालं. माझी भाडी बंद, तर लोकांनी मला पाळीनं जेवायला बोलावलं. ज्या वस्तीशी मी खोटं वागत होतो, तिच्याच घरी मी पंधरा दिवस जेवलो.

मारोतीला ठाण्यात तीनदा बोलावलं. तीनही वेळा हसत परत आला. “चहा पाजला त्याईनं. म्हणते कबूल कर. म्या म्हटलं, साहेब, तूप लावाले आधी तूप तं पाहिजे!” लोक त्याला हळद्या म्हणायला लागले.

पत्रूभाऊंच्या कानावर आलं की कुणीतरी माझी गाडी खराब केली. त्यांनी मला विचारलं, “माया नंतर कोणी केलं रे हे?” आणि मी म्हणालो — हो भाऊ, तुमच्या नंतर. म्हातारा काळ्या थरावर बोट फिरवून कळवळला. त्यानं नकळत स्वतःच्याच हाताला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या आणि मी ऐकून घेतल्या.

गणपती बुडाल्यावर पंचनामा झाला. हवालदारांनी थर खरवडला, वास घेतला आणि गंभीर होऊन म्हणाले, “साजूक आहे हो! गुन्हेगार मोठ्या घरचा दिसून राह्यला.” पंच हसले, मी हसलो. मग त्यांनी कागद पुढे केला, पुन्हा विचारलं. शांतपणे, घाई नव्हती, बंदोबस्त नव्हता. संशय तोच?

कबुली ही आहे. मला सगळं माहीत होतं — तूप कुणाचं, हळद कुणाची, फोडतो म्हणजे काय. मी म्हणालो, तोच.

त्या दिवशी गाडी धुवायला सगळी वस्ती आली. राख, रिठे, गरम पाण्याच्या बादल्या. पत्रूभाऊ काथ्या घेऊन आले, तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला. बोनेट सगळ्यात जास्त कुणी घासलं असेल? मारोतीनं. कोपरापर्यंत काळा झाला आणि म्हणाला, “घे, आता म्हणशील पुरावा मिटवला!”

प्रकरण पुढे गेलं नाही, कागद तिथेच पडून राहिला. म्हणजे मला तसं वाटत होतं. मारोतीला एका कंपनीत बस चालवायचं पक्कं काम लागत होतं. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा होता. तो अडकला. का अडकला ते त्याला धड कुणी सांगितलं नाही, आणि तोवर ती जागा भरली. आल्यावर मला म्हणाला, “जाऊ दे यार, नोकरीत कडुनिंबाची सावली कुठी भेटते?” त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला.

पत्रूभाऊ आता मूल गावी लेकीच्या घरी असतात. पोळ्याला फोन करतात, पांढऱ्या जेवला का विचारतात. मारोतीच्या लग्नात नवरदेवाची गाडी मीच चालवली. मांडवात कुणीतरी ओरडलं, “हळद्याले हळद लागली रे!” तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. मीही हसलो, त्याच्या गालाला हळद लावताना.

तो अजून ऑटो चालवतो. सावलीत आता मला आधी जागा देतो. दाराच्या रबरात खोलवर एक पिवळी रेघ राहिली आहे, ती निघत नाही. आणि ठाण्यातल्या कुठल्याशा गठ्ठ्यात तो कागद आहे. त्यावर मारोतीचं नाव आहे. खाली सही माझी आहे — सातवीतल्या पोराच्या अक्षरात, अगदी स्वच्छ, कुठेही हात न थरथरलेली.